पावसाळी भेटीसाठी माळ नको: सोलापूरच्या जुन्या जीपमालकांस खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील जुन्या जीप, जोंगा आणि जिप्सी गाड्यांचे सर्व मालक व चालक यांस

विषय: रविवारची भेट माळरानावर न भरवता गॅरेजमध्ये भरविण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पहिला मोठा पाऊस पडून माळ हिरवा झाला की आपली रविवारची भेट बार्शी रस्त्याच्या बाजूला, नान्नज, वडाळा, मार्डीच्या आसपास कुठेतरी ठरते. तिथे रस्ता सोडून गाड्या गवतात घातल्या जातात, ओल्या उतारावर चारही चाके जागच्या जागी फिरवून चिखल उडवला जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चित्रफिती सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेल्या असतात. हे यंदापासून बंद करावे आणि आपली मासिक भेट एखाद्या शेडमध्ये, गाड्यांची बॉनेटे उघडून भरवावी, एवढीच विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे. ही गोष्ट चहाच्या टपरीवर आपसांत बोलता आली असती आणि काही जणांशी मी ती बोललोही आहे. परंतु अलीकडे जुन्या गाड्या घेणारे बरेच जण आपल्या नेहमीच्या ओळखीबाहेरचे आहेत आणि ज्या गावांच्या हद्दीत आपण गाड्या फिरवतो त्या गावांनाही आपल्यात याविषयी काही विचार चालू आहे हे कळणे आवश्यक आहे, म्हणून पत्र उघड लिहिणे बरे वाटले.

आपल्या जिल्ह्यात जीप हौसेची गाडी म्हणून आलेली नाही. ती तहसीलदारांची होती, गटविकास अधिकाऱ्यांची होती, कालव्याच्या उपविभागाची आणि साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची होती. निवडणुकीत तिच्यावर भोंगे बांधले गेले, आणि सरकारी नोकरी संपल्यावर उतारवयात बाजारच्या दिवशी माणसे, शेळ्या, कोंबड्या आणि टपावर पोती घेऊन तिने वडाप म्हणजे खासगी प्रवासी वाहतूकही केली. माझी सीजे-३बी, म्हणजे विलीजच्या आराखड्यावरची उंच बॉनेटची जीप, अशाच एका कारखान्याच्या लिलावातून माझ्याकडे आली. तिचे मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन माझ्या आधीच निघून गेले होते, त्या जागी डिझेल इंजिन बसवलेले होते आणि या बदलाची आरसी बुकात रीतसर नोंद होती, हे माझे नशीबच म्हणायचे. उत्तरेकडून, विशेषतः जुन्या जीप नव्याने बांधून विकणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणांहून, चकाचक रंगवून येणाऱ्या गाड्या घेताना चासी क्रमांक कागदाशी पडताळून पाहण्याची तसदी आपल्यातले किती जण घेतात, याची मला शंकाच आहे. पण तो स्वतंत्र विषय आहे.

आपल्या गप्पांत जीपचा इतिहास नेहमी अभिमानाने सांगितला जातो आणि तो तसा सांगण्यासारखा आहेही. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अमेरिकी लष्करासाठी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्ध संपल्यावर भारतात उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, पाठोपाठ महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि जी सीजे-३बी अमेरिकेत १९६८ साली बंद झाली तिचा उंच बॉनेटचा साचा आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे चालत राहिला. पुढे १९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या आराखड्यावर जोंगा तयार होऊ लागली आणि १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. एवढे सगळ्यांना पाठ असते. मात्र याच इतिहासाचे एक पान आपण उलटत नाही. महायुद्धानंतर जीप स्वस्तात मिळू लागल्यावर जिथे पूर्वी पायी किंवा घोड्यावर जावे लागे अशा उघड्या माळांवर बंदुका घेऊन वेगाने पोचणे शक्य झाले, आणि माळढोक पक्षी देशभरातून जवळजवळ नाहीसा होण्याची जी कारणे सांगितली जातात त्यांत माळ नांगरले जाण्याच्या बरोबरीने जीपमधून झालेल्या शिकारीचेही नाव घेतले जाते. माणसाला दुरूनच ओळखून दूर जाणारा हा पक्षी धावत्या गाडीतल्या बंदुकीपुढे मात्र टिकला नाही. आपण शिकारी नाही, हे मला माहीत आहे. तरी ज्या गाडीने या पक्ष्याला इतके नुकसान पोचवले, तीच गाडी घेऊन आपण त्याच्या उरल्यासुरल्या जागेत करमणुकीसाठी जावे, हे मला तरी शोभणारे वाटत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याविषयी आपल्यात बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९७९ साली ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरले गेले होते. सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गावेच्या गावे त्यात आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि पक्षी न पाहिलेल्या माणसांनाही त्याचा राग येऊ लागला. पुढे फेरआखणी होऊन हे क्षेत्र साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आले. तरीही ते सलग नाही. वनखात्याचा एक तुकडा, मग ज्वारीची शेते, मग गायरान, पुन्हा वनखात्याचा तुकडा, अशी त्याची मांडणी असल्यामुळे सर्वत्र कुंपण किंवा फाटक दिसत नाही, आणि ‘आम्ही अभयारण्यात शिरलोच नव्हतो’ हे आपले ठरलेले उत्तर पुष्कळदा खरे नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात प्रवेश करता येत नाही आणि कलम २९ नुसार तेथील अधिवासाची नासधूस करणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करण्याचा अधिकारही याच कायद्याने अधिकाऱ्यांना दिलेला आहे. जप्तीच्या आवारात दोन पावसाळे उभी राहिलेली जीप परत मिळालीच, तर तिच्या तळाचा पत्रा कोणत्या अवस्थेत असेल, हे मी आपणांस सांगायला नको.

कायद्याची भीती घालून मला कोणाला थांबवायचे नाही. माझ्या दृष्टीने हंगामाचा मुद्दा त्याहून मोठा आहे. ज्या महिन्यांत आपल्याला माळ सुंदर दिसतो, चाकांना घसरायला ओलसर उतार मिळतो आणि छायाचित्रात आभाळ भरून येते, नेमके तेच माळावरच्या पक्ष्यांचे विणीचे महिने असतात. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या दोन-चार काड्यांच्या आडोशाला ती बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ चार आठवडे उबवते. माळढोक आता नान्नजला क्वचितच नजरेस पडतो, त्यामुळे ‘पक्षीच नाही तर अंडे कुठले’ असे कोणी म्हणेल. परंतु टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी आहेत आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते. टिटवीचे अंडे आपण वाकून पाहिले तरी खड्यांत चटकन ओळखू येत नाही. मातकट रंगावर काळपट ठिपके, आजूबाजूला तशाच रंगाचे मुरमाचे खडे, आणि ती बिचारी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असते. गाडीत बसलेल्या माणसाला, तेही डिझेल इंजिनच्या आवाजात, ते अंडे दिसण्याची काडीमात्र शक्यता नाही. हिवाळ्यात जावे म्हटले, तर तो लांडग्यांच्या पिलांचा काळ. शिवाय काळविटांचा कळप दिसला की गाडी त्याच्या समांतर पळवण्याचा मोह काही जणांना आवरत नाही. काळवीट वेगवान असते हे खरे, पण घाबरून उर फुटेस्तोवर धावणाऱ्या गाभण मादीचे पुढे काय होते ते पाहायला आपण थांबलेलो नसतो.

जमिनीचेही तसेच आहे. सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात माळावरची माती म्हणजे मुरमावर जेमतेम वीतभर, कुठे चार बोटे. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांच्या मुळांनीच ती धरून ठेवलेली असते. टनाहून अधिक वजनाची गाडी ओल्या जमिनीवर उताराच्या दिशेने एकदा नेली की दोन सरळ चाकोऱ्या उमटतात. पुढचा पाऊस त्या चाकोऱ्यांनीच वाहतो, माती घेऊन जातो, आणि दुसऱ्या वर्षी तिथे गवताऐवजी उघडा मुरूम दिसतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या गाड्या ज्या टेकाडावरून उतरल्या, तिथे मी मुद्दाम उन्हाळ्यात जाऊन पाहिले. चाके फिरवून खड्डे पाडलेल्या जागा दुरूनही ओळखू येत होत्या आणि एका चाकोरीची घळ होऊन तिच्यात माझा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला. मूळ विलीजचे अरुंद ६.००-१६ टायर त्या मानाने सौम्य म्हणायचे. आता जे रुंद, खोल दातांचे चिखलटायर आपण हौसेने बसवतो ते गवत मुळासकट उपटून काढतात.

यावर मला मिळालेली उत्तरे साधारण तीन प्रकारची आहेत. धनगरांची मेंढरे रोज फिरतात, मग आमच्या महिन्यातून एकदा येणाऱ्या गाड्यांनीच काय होते, हे पहिले. मेंढरू एका जागी उभे राहून पाय गरागरा फिरवत नाही आणि चरणाऱ्या जनावरांबरोबरच हा माळ पिढ्यान्पिढ्या टिकून आहे, एवढे याला उत्तर पुरे. उसाने, विजेच्या तारांनी आणि कारखानदारीने माळाचे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान केले, हे दुसरे उत्तर. ते खरेही आहे, आणि उघड्या माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु ऊस लावणाऱ्याला त्यातून पोट भरायचे असते. आपल्याला फक्त रविवार घालवायचा असतो, आणि तो दुसरीकडेही घालवता येतो. तिसरे उत्तर जरा विचार करण्यासारखे आहे: ही गाडी रस्ता सोडून चालण्यासाठीच बनलेली आहे, तिला डांबरी रस्त्यावर आणि शेडमध्ये ठेवायचे तर घ्यायची कशाला?

या प्रश्नाचा मान राखून माझे मत मांडतो. फोर बाय फोर असलेली जुनी गाडी चालवणे हे जोराचे काम नाही, हळू चालवण्याचे काम आहे. ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीचा, दांडा लोमध्ये टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडलेली सीजे माणसाच्या चालीने चढ चढते आणि उतरताना ब्रेकला पाय न लावता इंजिनावर उतरते. ही कला अंगी यायला मैलभर माळ लागत नाही, शंभर पावलांचा वाईट तुकडा पुरतो. चिखल उडवण्यात गाडीचे कौशल्य नाही आणि चालकाचे तर नाहीच. उलट आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते की या गाड्यांना मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना, नसते. फोर बाय फोर लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात, आणि वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागत असल्याने कोरड्या, टणक जमिनीवर तो सगळा ताण गिअर, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस आणि एक्सलवर साठत राहतो. माळावरून परत येताना दांडा तसाच ठेवून बार्शी रस्त्याने सोलापूर गाठणारी गाडी मी पाहिली आहे. घरी आल्यावर दांडा निघत नाही म्हणून हातोडीने ठोकणारे महाभागही पाहिले आहेत. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली असती तर तो बोटाने निघाला असता.

म्हणून भेट गॅरेजमध्ये भरवा, असे मी म्हणतो. आपण गाड्या बाळगतो, पण त्यांना ओळखणे दिवसेंदिवस मिस्त्रींवर सोपवत चाललो आहोत, आणि ज्या मिस्त्रींनी कारखान्यांच्या व सरकारी जीपांवर उमेदवारी केली ते आता थकले आहेत. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीकडे, तुळजापूर नाक्याकडे अजून काही हात असे आहेत की गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून किंग पिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचे, बेअरिंग गेले की चाकाचे, हे सांगतात. त्यांची मुले या धंद्यात नाहीत. लेथवर जुन्या मापाचे बुश करून देणारा, स्प्रिंगच्या पाट्यांना योग्य बाक देणारा, रेडिएटरची जाळी हाताने डाक लावून देणारा, यांच्यापैकी प्रत्येक जण सध्या एकेकटा आहे. त्यांना सकाळच्या कामाचा रीतसर मोबदला देऊन, खुर्चीवर बसवून, आपण हात काळे करावेत आणि त्यांनी सांगावे, अशी माझी कल्पना आहे. यासाठी येणारा खर्च माळावर जाण्या-येण्यात जळणाऱ्या इंधनाहून जास्त होणार नाही.

शिकण्यासारखे किती आहे, याची थोडी उदाहरणे देतो. जुन्या विलीज आणि सुरुवातीच्या सीजे गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे सोडवायचे असतील तर नेहमी आवळतो त्या दिशेला फिरवावे लागतात. हे माहीत नसल्यामुळे पाइप लावून जोर करणाऱ्यांनी मोडलेले स्टड प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात सापडतील. स्टडच्या टोकावर पुष्कळदा इंग्रजी एल हे अक्षर ठोकलेले असते, त्यावरचा गंज आणि रंग ब्रशने काढला की दिसते. किंवा ब्रेकचे घ्या. या गाड्यांचे ब्रेक एकाच नळीवर चालतात. आजच्या गाडीसारखे पुढचे-मागचे असे दोन वेगळे मार्ग नसल्यामुळे एका चाकाच्या सिलिंडरमधले रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली बसवलेला असल्याने त्यातले ब्रेक ऑइल किती उरले आहे हे बॉनेट उघडून कळत नाही. त्यासाठी तळाचे झाकण काढावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे न काढल्यामुळे त्याचे स्क्रू गंजून बसलेले असतात. हँडब्रेक तरी आहे, असे समाधान मानावे, तर तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला की तोही निकामी. हे सगळे ठाऊक नसताना मुलाबाळांना मागे बसवून ओल्या टेकाडावरून गाडी खाली सोडणारा माणूस धाडसी आहे, असे मी म्हणणार नाही.

पुढच्या एक्सलची तपासणी तर घरच्या घरी करण्यासारखी आहे. जॅकवर चाक उचलून वर आणि खाली धरून हलवले आणि खेळ जाणवला तर किंग पिन किंवा चाकाचे बेअरिंग पाहायचे. दोन्ही बाजूंना आडवे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉडचे सांधे आणि स्टिअरिंगचा जोर त्यांच्याकडे वळवणारा चासीवरचा बेलक्रँक तपासायचा. ताशी पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागले की आपण टायरचे संतुलन करून घेतो, पैसे देतो आणि थरथर तशीच राहते, कारण दोष बेलक्रँकच्या झिजलेल्या बुशमध्ये असतो. त्याचप्रमाणे ओढ्यातून गाडी काढल्यावर दुसऱ्या दिवशी एक्सलचा तळाचा प्लग सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. तापलेला एक्सल पाण्यात थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याचे छिद्र, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. ते ऑइल न बदलता महिनाभर चालवलेल्या एक्सलची बेअरिंगे मी हातात घेऊन पाहिली आहेत, त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडलेले होते.

पेट्रोल गाड्यावाल्यांपुढे आणखी एक काम वाढून ठेवले आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इंजिनावरच्या जुन्या मेकॅनिकल पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली रबरे व नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात, कधी चिरतात. आपल्याच जिल्ह्याच्या उसातून निघालेले इथेनॉल आपल्याच जीपच्या पंपात शिरावे, याची गंमत वाटते, पण तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळणे ही गंमत नव्हे. योग्य प्रतीचे पडदे आणि नळ्या सर्वांनी मिळून एकदम मागवल्या तर भावही बरा पडेल आणि खोटा माल गळ्यात पडण्याची शक्यताही कमी होईल. हीच गोष्ट व्हील सिलिंडरचे कप, नकलच्या सील, क्रॉस आणि पाट्यांचे बुश यांची. आज आपण प्रत्येक जण स्वतंत्रपणे मुंबई-दिल्लीला फोन करतो आणि प्रत्येकाच्या घरात चुकीच्या मापाचा एखादा डबा पडून राहतो. ते डबे शेडमध्ये एका टेबलावर आणून ठेवले तरी निम्म्या गाड्यांची कामे होतील, असा माझा अंदाज आहे.

गाड्या चालवायच्याच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. दगड किंवा मुरूम काढून बंद पडलेल्या खाणी आपल्यापैकी काहींच्या आणि काहींच्या नातेवाइकांच्या मालकीच्या आहेत. मालकाची परवानगी घेऊन अशा खाणीत लो गिअरचा सराव खुशाल करावा, तिथे बिघडायला आधीच काही उरलेले नसते. फक्त पाणी साचलेल्या बाजूला जाऊ नये आणि कड्याच्या काठावर गाडी नेऊ नये. पाणंद रस्त्यांनी जायला हरकत नाही, पण काळ्या रानातली पाणंद पावसाळ्यात आपण एकदा तुडवली की शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर महिनाभर अडकून बसतात, तेव्हा ती वाळल्यावरच जावे. थंडीत कोणाच्या तरी शेतावर हुरड्याला सगळ्यांनी मिळून जाण्याची आपली पद्धत चांगली आहे, ती मोडू नये. तिथे जाताना कच्चा रस्ता मिळतो, बायकामुलेही येतात आणि शेंगाचटणी, कडक भाकरी समोर असताना कोणाला चिखल उडवण्याची आठवण होत नाही. नदीपात्रात मात्र जाऊ नये. सीनेच्या वाळूत रुतलेली जोंगा काढण्यासाठी ट्रॅक्टर बोलवावा लागला की तिचे ऑइल कुठे कुठे सांडते ते आपण पाहत नाही, आणि त्याच पात्राच्या खाली गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी असतात.

चित्रफितींविषयीही स्पष्ट लिहितो. माळावरच्या गाड्यांची चित्रे पाहून पुण्या-मुंबईहून, कर्नाटकातूनही लोक ‘जागा कुठली’ असे विचारतात आणि आपण कौतुकाने नकाशावरची खूण पाठवतो. त्यानंतर येणारे लोक आपल्या ओळखीचे नसतात, त्यांना गावात कोणी ओळखत नाही आणि त्यांनी केलेल्या नुकसानीबद्दल गावकरी जाब आपल्याला विचारतात. आधीच्या सर्व चित्रफिती काढून टाका, असा आग्रह मी धरणार नाही, मात्र त्यांच्याबरोबर दिलेल्या जागांच्या खुणा काढाव्यात. ज्यांना पक्षी आणि काळवीट पाहायचे असतील त्यांनी वनखात्याची परवानगी काढून, गाडी रस्त्यावर ठेवून, खात्याने ठरवलेल्या वाटेने आणि मनोऱ्यावरून पाहावेत. दुर्बिणीतून दिसणारा माळ विंडस्क्रीनमधून दिसणाऱ्या माळापेक्षा मला नेहमी मोठा वाटत आला आहे, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

बोरामणीचा विमानतळ या पक्ष्यापायी अडला, मग आपण एवढी काळजी का करावी, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. विमानतळाच्या वादात मला पडायचे नाही. सोलापूरला काय हवे आणि काय नको याचा निर्णय मोठ्या पातळीवर होईल. आपल्या चाकांखाली काय येते हे मात्र आपल्यालाच ठरवता येते आणि त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

पहिल्या भेटीसाठी एमआयडीसीतील एका सदस्याने आपली शेड सकाळपासून दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत देण्याचे कबूल केले आहे. पहिला विषय ब्रेकचा ठेवावा, असे मी सुचवतो, कारण तो सर्व गाड्यांना लागू आहे आणि त्यात दिरंगाई परवडणारी नाही. सीजे व महिंद्राच्या एमएम ५४० वाल्यांनी आपापल्या गाडीचे व्हील सिलिंडर कोणत्या मापाचे आहेत ते आधी पाहून कळवावे, म्हणजे कप एकदम मागवता येतील. जिप्सीवाल्यांची रचना वेगळी असली तरी त्यांनीही यावे, हब उघडताना जादा हात लागतातच. जुने ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल गटारात न ओतता गोळा करण्यासाठी रिकामे कॅन शेडवर ठेवले जातील. मोबदल्याची रक्कम मिस्त्रींशी बोलून ठरली आहे आणि ती गाड्यांच्या संख्येने भागून घेतली जाईल. जॅक आणि चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे प्रत्येकाने स्वतःचे आणावेत, शेडवर ते पुरेसे नाहीत. ज्यांची गाडी सध्या चालू अवस्थेत नाही त्यांनी रिकाम्या हाताने आले तरी चालेल, फक्त आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे नाश्त्याचा अंदाज येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जीपमालक
सोलापूर